कडुलिंबावर घातलेला आळ

“कुणी केलं हे? आरं, कुणी केलं म्हणतोय मी!”

दाजी ओरडत होते. दौंडच्या घराच्या अंगणात, भर दुपारी, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. समोर त्यांची गाडी उभी होती. आयुष्यातली पहिली चारचाकी, पुढच्या जाळीला बांधलेला झेंडूचा हार अजून उतरवलासुद्धा नव्हता. आणि बॉनेटवर, बरोबर मधोमध, भाकरीएवढा पांढुरका, सुरकुतलेला डाग. दाजींचा आवाज असा चढला होता की तिकडं रेल्वेच्या यार्डात शंटिंग थांबलं असावं. माझी थोरली बहीण, अक्का, पिठाच्या हातानं बाहेर धावली. शेजारची दोन दारं उघडली. खाटेवर पडलेल्या आबांनी मान वळवली. आणि मी? मी ओसरीवर झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. एक डोळा बारीक उघडा.

दाजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं — मी. ते मी त्या दिवशी दिलं नाही. नंतरही कुणाला दिलं नाही. बायकोला नाही, अक्काला नाही, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या जिवलग मित्रालाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि बघा ना, अजून इकडंतिकडं बघतोय, विषय बदलायला काही सापडतंय का.

आधी माझी ओळख करून देतो. (झाला विषय बदलून!) मी दत्ता, राहणार इनामगाव, तालुका शिरूर. आमच्या गावात घोडनदीच्या काठी फार जुनी वस्ती खणून काढलेली आहे, खापरं निघाली, सांगाडे निघाले. बाहेरचा कुणी पाहुणा आला की मी त्याला सांगतो, त्यातला एक सांगाडा आमच्या खापरपणजोबांचा — नाकाची ठेवण बघा, जुळते का नाही. पाहुणा माझ्या नाकाकडं बघतो. मग मी गंभीर होतो आणि म्हणतो, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. असा मी. एक विंचू बघितला तर घरी येईपर्यंत त्याचे सात करतो. लोकांना ठाऊक असतं, तरी ऐकतात, हसतात, वर चहा पाजतात. माझ्या बोलण्यानं कुणाचं वाईट झालं नाही, असं मी कैक वर्षं छाती पुढं काढून सांगत आलो.

एकदा झालं. तेच सांगायचंय.

मी रांजणगावला एका कंपनीत कामाला आहे. नातेवाइकांत मी सांगितलं होतं — पेंट शॉपला, सुपरवायझर. खरं सांगू? मी डिस्पॅचला. खोकी येतात, त्यांच्यावर मी लेबल चिकटवतो. सरळ चिकटवतो, एवढीच माझी ख्याती. पेंट शॉपशी माझा संबंध एवढाच की कँटीनमध्ये ती पोरं आमच्या शेजारच्या टेबलावर बसायची. त्यांच्या तोंडून ऐकलेले चार शब्द, प्रायमर, बेसकोट, क्लिअरकोट, बेकिंग, एवढ्या भांडवलावर मी लग्नाकार्यात मांडव गाजवायचो. लोक आपल्या गाड्यांचे ओरखडे मला दाखवायचे. मी बोट फिरवायचो, डोळे मिटायचो, आणि म्हणायचो, “हं. बेकिंग कमी पडलंय.”

आणि आमच्या भागात ‘कंपनीचं’ ह्या शब्दाची काय जादू आहे ती तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हातमोजे असोत, साबण असो, पुसायची चिंधी असो — कंपनीचं म्हटलं की ते बाजारातल्यापेक्षा दहापट जहाल, हा सगळ्यांचा विश्वास. कुणाचा नळ गळला, कुणाचा गंज निघेना, की निरोप येतो, “कंपनीतनं कायतरी आण की.” आणि आम्हीही आणतो. डब्याच्या पिशवीतून, पाण्याच्या बाटलीतून, गेटवरच्या वॉचमनला रामराम घालून. कशाला वापरायचं, किती वापरायचं, कशावर वापरू नये, हे कुणी विचारत नाही. आणणाराही सांगत नाही. त्याला माहीत असलं तर ना!

आता आबा.

आबा म्हणजे अक्काचे सासरे, दाजींचे वडील. सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. अंगावरून वारं गेल्यापासून डावी बाजू लुळी पडली होती. बोलणं स्पष्ट होतं, पण कमी. सकाळी एकदा त्यांना धरून अंगणातल्या लिंबाखालच्या खाटेवर आणून बसवलं की दिवेलागणीपर्यंत ते तिथंच. चहा तिथं, जेवण तिथं, दाढी तिथं. गल्लीतला प्रत्येक माणूस जाता-येता “आबा, काय म्हणताय?” करून जायचा. घरात नेऊन टाकलं असतं तर कोण येऊन विचारणार होतं? त्या माणसाचं जग म्हणजे तो कडुलिंब आणि त्याच्याखालून जाणारा रस्ता. घर बांधताना गवंड्यानं झाड काढायला सांगितलं होतं म्हणे. आबांनी झाड ठेवलं आणि पाया तीन फूट मागं घेतला. त्यामुळं त्या घराची ओसरी अजूनही एका अंगाला तिरकी आहे. पाडव्याला निम्मी गल्ली गुढीसाठी डहाळे त्याच लिंबाचे न्यायची.

मग गाडी आली. दाजी शाळेत क्लार्क, माणूस काटेकोर. गाडी गर्द निळी. अक्का म्हणाली, चिंतामणी रंगाची. अंगणात दुसरी जागाच नव्हती, म्हणून ती लिंबाखाली लागली. एक फांदी खाली आली होती, टपाला घासेल म्हणून दाजींनी ती कुऱ्हाडीनं उडवली. वैशाखाचं ऊन. चार दिवसांत त्या तोडलेल्या बुडख्यातून डिंक गळायला लागला. मधासारखा, सोनेरी. एक थेंब बॉनेटवर, एक मागं डिकीवर. आणि वाळून असा घट्ट बसला की दाजींची झोप उडाली. नख लावायची हिंमत होईना. मला फोन आला, “दत्ता, तू पेंट शॉपचा माणूस. येऊन जा.”

आमची सुट्टी गुरुवारची. बुधवारी संध्याकाळीच न्हावऱ्यावरून मोटरसायकल मारत मी दौंडला पोचलो. पिशवीत पाण्याची बाटली, आणि बाटलीत पाणी नव्हतं. कंपनीचं थिनर.

सगळे गाडीभोवती उभे. मी वाकलो, वास घेतला, बोट फिरवलं, डोळे मिटले. तेवढ्यात खाटेवरून आबा बोलले.

“डिंक हाय त्यो. कोमट पाण्याचं फडकं टाक त्याच्यावर. चहा पिऊन ये. आपसूक सुटंल.” मग म्हणाले, “पार्सलावरचं जुनं लेबल आमी तसंच काढायचो.”

कळतंय का तुम्हाला? मी रोज काय करतो — लेबल चिकटवतो. चुकीचं लागलं तर ओलं फडकं टाकूनच काढतो! त्या अंगणात आबांचं म्हणणं बरोबर आहे हे कळणारा जर कुणी एक माणूस असेल, तर तो मीच होतो. पण व्हय म्हणायचं म्हणजे लेबलांचं मला कळतं हे कबूल करायचं. मग पेंट शॉपचं काय? सुपरवायझरचं काय?

मी हसलो. मोठ्यानं. म्हणालो, “आबा, ही गाडी हाय, पार्सल न्हाई. मेटॅलिक पेंट हाय हो. पाणी टाकून निघायला काय कुल्फी सांडलीय व्हय?”

सगळे हसले. अक्का हसली, दाजी हसले, कुंपणापलीकडचा शेजारीही हसला. आबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. लुळा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला आणि रस्त्याकडं बघायला लागले.

गुरुवारी दाजी सकाळच्या शाळेला गेले. दहाच्या सुमारास मी कामाला लागलो. आणि ऐका, माझ्या डोक्याची कमाल ऐका. आबांनी सांगितलेली पद्धत मी चोरली. फडकं ठेवायचं, थांबायचं, हे मला पटलंच होतं! फक्त पाण्याऐवजी थिनर घेतलं. कारण ते कंपनीचं. उन्हानं उडून जाऊ नये म्हणून फडक्यावर दुधाची प्लास्टिक पिशवी पसरली, वर चार खडे ठेवले. ज्या थेंबाला चहा पिण्याएवढा वेळ पुरला असता, त्याला मी अक्काच्या हातचं पिठलं-भाकरी खाण्याएवढा वेळ दिला. वर एक डुलकी.

उठून फडकं उचललं तर फडकं निळं.

डिंक होता तिथंच होता, हे आणखी एक. रंग मात्र त्याच्याभोवती दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून आला होता. तेव्हा तरी थांबावं की नाही? मी मोरीतली भांड्याची हिरवी घासणी आणली. डाग पुसट होईल म्हणून कडेनं घासत गेलो. रुपयाएवढा होता तो वाटीएवढा झाला, वाटीचा ताटलीएवढा, ताटलीचा भाकरीएवढा. डिंक निघाला, अगदी निघाला, आणि खालचा पत्रा मला माझं तोंड दाखवायला लागला.

घासणी मी कचऱ्यात पुरली. फडकं मोरीतल्या बंबात टाकलं. बंब असा भडकला की माझ्या उजव्या भुवईचे केस आजही विरळ आहेत. ही थाप नाही, बायकोला विचारा. तिला मी दिवाळीच्या फटाक्याचं सांगितलंय.

आणि ह्या सगळ्या वेळात आबा दहा पावलांवर होते. खाटेवर, कुशीवर, तोंडावर टॉवेल. झोपले होते का? मला माहीत नाही. थिनरचा वास तर गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. त्यांनी टॉवेल एकदाही काढला नाही. मी दोनदा वळून बघितलं होतं, म्हणून सांगतो.

तर दाजी आले, ओरडले, मी सोंगातून उठलो. डोळे चोळले. बॉनेट बघून दाजींपेक्षा मोठ्यानं ओरडलो. आणि मग बोलायला लागलो. ते बोलणं आठवलं की आजही कानशिलं तापतात, पण सांगतो, जसंच्या तसं सांगतो.

“दाजी, मी हात लावला न्हाई. नुसतं ओलं फडकं फिरवलं, तर खालचा रंगच फडक्याला आला! ह्यो चीक आतून रंग खाऊन बसला हुता. लिंबाचा चीक उन्हात तापला की ॲसिड हुतो. आमच्या कंपनीत बाहेरदेशी चाललेला एक कंटेनर एका दिवसापुरता लिंबाखाली हुबा केला. दुसऱ्या दिवशी पत्र्याला भोकं! परदेशातनं साहेब आला, त्यानं चीक बाटलीत भरून नेला. तवापास्नं कंपनीच्या आवारात लिंबाचं रोपसुदीक लावू देत न्हाईत.”

कंपनीच्या गेटला चार कडुलिंब आहेत. आमच्या बसेस त्यांच्याच सावलीला लागतात.

आबा खाटेवरून एवढंच म्हणाले, “डिंकानं रंग जात न्हाई.”

आणि दाजी — जे आबांच्या पाया पडल्याशिवाय घराबाहेर पडत नसत — ते त्यांच्यावर खेकसले, “तुमी गप बसा वं आबा! दत्ता पेंट शॉपला हाय!”

आबांनी टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला.

तुम्ही म्हणाल, घाबरला असेल बिचारा, तोंडून निघून गेलं असेल. थांबा. मला एवढ्या लवकर सोडू नका. अजून शुक्रवार सांगितला नाही.

शुक्रवारी माझी सेकंड शिफ्ट होती, सकाळ मोकळी. उजाडल्यावर, गाडी अजून थंड असताना, मी आंघोळीच्या बादलीतलं कोमट पाणी तांब्यात घेतलं आणि डिकीपाशी गेलो. दुसरा थेंब तिथं होता ना. अक्काच्या जुन्या सुती साडीचा तुकडा भिजवला, पिळला, थेंबावर ठेवला. गार झाला की पुन्हा भिजवून ठेवला. असं तीनदा केलं. घासलं नाही, नख लावलं नाही. चौथ्यांदा फडकं उचललं तर डिंकाचा खडा फुगून मऊ झालेला, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. बोटानं नुसता ढकलला. आला हातात. खाली रंग जसाच्या तसा. चिंतामणी. आरशासारखा. मला त्यात लिंबाचं पानन् पान दिसत होतं.

म्हणजे काय? म्हणजे झाडाचा काडीचा दोष नव्हता, ह्याचा पुरावा माझ्या मुठीत होता. अजून काही बिघडलं नव्हतं. कुऱ्हाडीचं नाव कुणी काढलं नव्हतं. दाजी आत दात घासत होते. दहा पावलं चालून “दाजी, हे बघा” म्हणायचं, एवढंच. शिव्या बसल्या असत्या. पेंट शॉप गेलं असतं. आणि?

अक्का चहा घेऊन आली. “निघालं का रं दत्तू?” म्हणाली.

मी डिकीला पाठ लावून उभा राहिलो. ती जागा माझ्या पाठीआड गेली. म्हणालो, “न्हाई गं. रंग घेऊनच निघणार ते. मी हात लावत न्हाई.” मूठ आवळलेली, आत डिंक तळव्याला चिकटलेला. चहा मी डाव्या हातानं प्यायलो. अक्कानं ते बघितलं. ती आत गेल्यावर मी गटारीवर हात झटकला. निघेना. नळाखाली धरला, मग निघाला. पाण्यानंच.

हा माझा गुन्हा. गुरुवारचा नव्हे, शुक्रवारचा. गुरुवारी मी मूर्ख होतो. शुक्रवारी मला सगळं माहीत होतं.

डिकीवरचा थेंब कुठं गेला, ते बॉनेटच्या दुःखात कुणी बघितलंच नाही. पुढच्या आठवड्यात दाजींनी ठरवलं, झाड काढायचं. त्यासाठी नगरपालिकेच्या ऑफिसात अर्ज द्यावा लागतो. दाजी रोज अर्जच हाताळतात, पण ह्या अर्जाला पेंटमधला जाणकार पाहिजे म्हणाले. फोनवर मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. नाही — हे पण खोटं. ते फोनवर अडखळले, तेव्हा मीच म्हणालो, थांबा, मी लिहून पाठवतो. आणि बसून लिहिलं. “सदर वृक्षातून होणाऱ्या आम्लधर्मी स्रावामुळे वाहनाची अपरिमित हानी झाली असून घरातील वृद्ध व आजारी व्यक्तीच्या जीवितासही धोका संभवतो.” वृद्ध व आजारी व्यक्ती! आबांना झाडापासून वाचवा, असा मी अर्ज केला. वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मला ते आवडलं होतं. शरमेनं सांगतो, फार आवडलं होतं.

पुढं काय काय झालं ते भरभर सांगतो, कारण तिथं रेंगाळायची माझ्यात ताकद नाही. बॉनेट पुन्हा रंगवून घेतलं, त्याची निळाई बाकीच्या गाडीशी कधी जुळली नाही. झाडाच्या जागी पत्र्याची शेड आली. आबा मागच्या खोलीत गेले. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडं उघडते, तिथून कुणी जात-येत नाही. दोन उन्हाळे त्यांनी तिथं काढले. तिसरा आलाच नाही. दहाव्याला मी गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी दाजींचे भांडगावचे एक पाहुणे बसले होते. त्यांनी मला सांगितलं — मला! — “लिंबाचा चीक लई वंगाळ बघा. कंटेनरला भोकं पाडतो. आमी दारातला लिंब काढून टाकला औंदा.” मी घास गिळला. म्हणालो, “व्हय का?” त्या माणसाला तरी सांगायचं. अनोळखी होता, त्याच्याशी माझं काय अडत होतं? नाही सांगितलं. वर आणखी विचारलं, “किती जुनं होतं झाड?” जसा काही मला आनंदच घ्यायचा होता.

आता कुणी मला विचारलं की गाडीवर डिंक पडलाय, काय करू, तर मी सांगतो. गाडी सावलीत घे, पत्रा गार होऊ दे. कोमट पाणी, मऊ सुती फडकं, ठेव आणि थांब. सुटलं नाही तर पुन्हा ठेव. घासू नको, खरवडू नको, थिनर-पेट्रोल तर गाडीच्या आसपास आणू नको. शेवटी शाम्पूच्या पाण्यानं धुऊन कोरडं पूस. लोक विचारतात, हे कंपनीत शिकलास का? मी मान हलवतो. ती मान व्हयची की न्हाईची, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. बघा, अजूनही मी आबांचं नाव घेत नाही.

पण झाड पडलं तो दिवस सांगायचा राहिलाय. तो मी मुद्दामच मागं ठेवत आलो.

तोही गुरुवार. झाड तोडणारे चौघं ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले होते, सोबत मशीनची करवत. त्यांच्यात एक म्हातारा मुकादम. तो म्हणाला, लिंबाला असा कोरडा हात लावत नाही आम्ही. आधी हळदकुंकू, नारळ, आणि घरातल्या मोठ्या माणसानं झाडाची माफी मागायची. मगच करवत. अक्कानं खोडाला हळदकुंकू वाहिलं. तिचे डोळे भरले होते, ती पदर तोंडाला लावून बाजूला झाली. दाजींनी नारळ आबांच्या उजव्या हातात ठेवला. “आबा, मोठे तुमी. तुमीच वाढवा.”

आबांनी नारळ बराच वेळ हातात धरला. मग तो परत दाजींकडं केला.

“ज्यानं अर्ज लिवलाय,” ते म्हणाले, “त्येनं वाढवावा.”

आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. सगळ्यांना वाटलं, मान दिला मला. दाजी तर म्हणाले, “हां, दत्ता, ये. तूच ये.” आबा माझ्याकडं बघत होते. त्यांना माहीत होतं का? टॉवेलाखालून त्यांनी सगळं बघितलं होतं का? का साधंच म्हणाले? तेव्हा त्या नजरेला नजर देऊन मी विचारू शकलो असतो. किंवा न विचारता सांगू शकलो असतो. करवत अजून सुरू झाली नव्हती. मुकादम वाट बघत होता. अख्खी गल्ली वाट बघत होती. जन्मात एवढे लोक माझं ऐकायला कधी जमले नसतील.

मी नारळ घेतला. बुंध्याशी गेलो. दगडावर आपटला. एका फटक्यात फुटला, सरळ दोन भाग. मुकादम म्हणाला, चांगला वाढला. माफी मागायची होती, तर ओठ हलवले. आत शब्द नव्हते, नुसते ओठ. मग खोबऱ्याचे तुकडे करून मी सगळ्यांना वाटले. आबांच्या तळव्यावरही ठेवला एक. त्यांनी तो कपाळाला लावला आणि खाल्ला.

दुपारपर्यंत सगळं संपलं. ट्रॉली भरून गेली. अंगणात एवढा उजेड पडला की ते घर कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं. सगळे जेवायला आत गेले होते. आबा खाटेवर तसेच, उन्हात, डोळे बारीक केलेले, अंगावर भुसा उडालेला. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. आणि एवढी सगळी ताकद लावून मी काय बोललो?

“आबा,” मी म्हणालो, “आता संध्याकाळचं कुठं बसणार तुमी?”

त्यांनी उजव्या हातानं मांडीवरचा भुसा झटकला. माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघितलं.

“ऊन कुठवर येतंय बघू,” आबा म्हणाले. “मग ठरवू.”